तळ्याचे चोवीस तास: पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी एक प्रश्न

'रात्रीसुद्धा ऑक्सिजन देणारी झाडं' असा संदेश वर्षातून दोन-तीनदा तरी माझ्या फोनवर येतो. झाडांची यादी बदलते, दावा तोच राहतो. यंदा तो एका शालेय विज्ञान प्रदर्शनात थेट तक्त्यावर चढलेला पाहिला. आठवीतली मुलगी, सुरेख अक्षर, प्रत्येक झाडाचं रंगीत चित्र. मी विचारलं, "हे कशावरून?" ती म्हणाली, "सर, सगळीकडे हेच लिहिलंय." मी म्हटलं, "मग आपण मोजून बघायचं का?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "बघू की. पण मोजायचं कसं?"

त्या दालनातल्या बाकीच्या पन्नासेक तक्त्यांपैकी एकावरही हा प्रश्न नव्हता. 'जलप्रदूषण: कारणे, परिणाम, उपाय', 'जागतिक तापमानवाढ', 'प्लॅस्टिकचा भस्मासुर'. विषय सगळे महत्त्वाचे, पण ते इतके मोठे आहेत की विद्यार्थ्याच्या हाती उतारे चिकटवण्यापलीकडे काही उरत नाही. पर्यावरणाचा प्रकल्प करायचा तर ज्याचं उत्तर आकड्यात येईल असा प्रश्न शोधावा. 'तळं प्रदूषित आहे का?' या प्रश्नाला कुठूनही हात घालता येत नाही. 'याच तळ्यातला ऑक्सिजन दुपारी दोनला किती आणि पहाटे पाचला किती?' या प्रश्नाला मात्र हात घालता येतो, आणि माझ्या मते शाळकरी वयात करण्याजोगा याहून सुंदर प्रकल्प नाही.

आधी त्या दाव्याचं बघू. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून येतो. तो कार्बन डायऑक्साइडमधून येतो असं अनेकांना वाटतं, पण १९४१ साली जड ऑक्सिजनची खूण लावलेलं पाणी वापरून या प्रश्नाचा निकाल लागला. पाण्याचा रेणू फोडायला ऊर्जा लागते आणि वनस्पतीकडे ती प्रकाशातून येते. प्रकाश नाही, तर ऑक्सिजन नाही, मग झाड कितीही गुणी असो. यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने १७७९ च्या एका उन्हाळ्यात पाचशेहून अधिक प्रयोग करून हेच दाखवलं होतं: पानं उन्हात हवा शुद्ध करतात, अंधारात उलट बिघडवतात.

मग हा समज आला कुठून? निवडुंग, पानफुटी अशा काही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा पानाखोडांवरची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. पण रात्री त्या आत घेतात तो कार्बन डायऑक्साइड. तो आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा ऊन आलं की वापरतात. 'रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं' याचं कुणीतरी 'म्हणजे ऑक्सिजन सोडतं' असं करून टाकलं. हिंदुस्थानात असलेल्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाला पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागलं होतं. ही नोंद १८१५ साली छापून आली. तुम्ही पान चाखू नका, ते विषारी आहे. पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तोडलेल्या पानांचा रस काढून त्याचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा; रस जितका आंबट तितका तो कमी) मोजा. तोही एक नेटका प्रकल्प होईल.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. मोजायचं कसं?

हवेत हे मोजायला गेलात तर फसाल. साध्या हवेच्या एका लिटरमध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन आधीच असतो. कुंडीतल्या रोपाने त्यात दोन-तीन मिलिग्रॅमची भर घातली तर ती तेवढ्या साठ्यात सापडणार कशी? पाण्याची गोष्ट वेगळी. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाणी हवेतून फार तर ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळवून घेतं, आणि ३० अंशांना त्याहून कमी, साधारण साडेसात. साठा इतका तुटपुंजा असल्यामुळे दोन-तीन मिलिग्रॅमचा फरक लगेच डोळ्यांत भरतो. शिवाय स्थिर पाण्यात ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे पाण्यात जे घडतं त्याची खूण काही तास तिथेच राहते. इंगेनहाउसनेही पानं पाण्यात बुडवून बुडबुडेच पाहिले होते.

हिरवट पाण्याच्या तळ्यात दिवसभर काय चालतं ते मनाशी आणा. सूर्य वर आला की पाण्यातली सूक्ष्म शेवाळं कामाला लागतात आणि ऑक्सिजन वाढू लागतो. दुपारी पाणी आपल्या कुवतीपेक्षा जास्त ऑक्सिजन धरून बसतं. शेवाळ दाट असेल तर आकडा लिटरमागे १५ मिलिग्रॅमच्याही वर जातो. त्याच वेळी मासे, किडे, जिवाणू आणि खुद्द शेवाळंही श्वसन करत असतात, पण दिवसा उत्पन्न खर्चापेक्षा जास्त असतं. सूर्य मावळला की उत्पन्न बंद होतं आणि खर्च रात्रभर चालू राहतो. म्हणून ऑक्सिजनचा तळ, म्हणजे सर्वांत कमी आकडा, मध्यरात्री येत नाही, तो सूर्योदयाच्या जरा आधी येतो. चोवीस तासांचा आलेख काढला की एकच डौलदार लाट दिसते. हॉवर्ड ओडम या अमेरिकन परिसरशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये या लाटेवरून अख्ख्या नदीची 'कमाई' मोजण्याची रीत घालून दिली.

शेवाळ जितकं जास्त, तितकी लाट उंच आणि तितकाच पहाटेचा तळ खोल. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो, २ च्या आसपास ते गुदमरू लागतात आणि पृष्ठभागाच्या पातळ थराशी येऊन तोंड उघडझाप करतात. तळ्यात खतांचा आणि सांडपाण्याचा भार वाढला, त्यात दिवसभर ढगाळ राहिलं आणि रात्री वारा पडला, की सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच दिसतो. मग लोक म्हणतात कोप झाला, अपशकुन झाला, कुणीतरी रात्रीत विष कालवलं. विष कालवण्याचे प्रकार घडतातही आणि त्यांचा तपास व्हायलाच हवा. पण दुपारी बारा वाजता येऊन पाण्याचा नमुना घेतला तर ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि खरं कारण हातातून निसटतं. कोपाच्या गोष्टीने नुकसान होतं ते इथे. ती एकदा मान्य केली की पहाटे पाचला कुणी मोजायला जात नाही.

मोजण्याची जी रीत मला सर्वांत आवडते ती हंगेरीच्या लायोश विंक्लरची, १८८८ सालची. आज बटण दाबताच आकडा देणारे प्रोब मिळतात. ते वापरायला हरकत नाही, मात्र रोज कॅलिब्रेट करायला हवेत. प्रदर्शनात 'स्मार्ट सेन्सर' लावून चमकणारे आणि महिनाभर चुकीचा आकडा दाखवणारे प्रकल्प मी बरेच पाहिलेत. विंक्लरच्या रीतीत रसायन तुमच्या डोळ्यांसमोर बोलतं.

काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली घ्या. नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडून पाणी सावकाश भरा आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहून जाऊ द्या. एक बुडबुडा आत राहिला तरी निकाल बिघडतो, कारण बुडबुड्यात पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन असतो. मग पिपेट पाण्याखाली बुडवून मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त पोटॅशियम आयोडाइड सोडा, बूच तिरकं सरकवत बसवा आणि बाटली उलटसुलट करा. ढगासारखा साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर तो पांढराच राहतो. असेल तर मँगनीज तो ऑक्सिजन धरून ठेवतं आणि साका बदामी, मग तपकिरी होतो. आकडा कळायच्या आधीच बाटली रंगाने अंदाज देते. साका बसला की तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं. हे काम शिक्षकांनीच करावं. साका विरघळतो आणि जेवढा ऑक्सिजन होता तेवढ्याच प्रमाणात आयोडीन मोकळं होतं. आता ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं (याला टायट्रेशन म्हणतात). रंग गवतासारखा फिकट पिवळा झाला की स्टार्च घालायचा, सगळं निळं होतं. आणि मग एका थेंबासरशी ते निळं नाहीसं होतं. तो थेंब मी शेकडो वेळा पाहिलाय, अजूनही श्वास रोखून पाहतो.

हिशेबही सोपा बसवलेला आहे. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे थायोसल्फेटचे चार खर्ची पडतात. म्हणून २०० मिलिलिटर नमुना आणि ०.०२५ मोलर थायोसल्फेट घेतलं, तर ब्युरेटवरचा दर मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. साका करून ठेवलेली बाटली बूच घट्ट लावून अंधारात काही तास टिकते, त्यामुळे रात्री तळ्याकाठी साका करून टायट्रेशन सकाळी शाळेत करता येतं. रात्री पाण्याकाठी मोठी माणसं सोबत असलीच पाहिजेत.

आता याच्या पुढची पायरी, गार्डर आणि ग्रान या नॉर्वेच्या दोघांनी १९२७ मध्ये मांडलेली. एकाच वेळी, एकाच खोलीवरून तीन बाटल्या भरा. पहिलीचा साका लगेच करा. दुसरी तशीच पारदर्शक ठेवा, तिसरीला काळी पट्टी आणि अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, आणि दोन्ही पुन्हा त्याच खोलीवर चार तास टांगा. काळ्या बाटलीत फक्त खर्च होतो. पारदर्शक बाटलीत उत्पन्न आणि खर्च दोन्ही. समजा सुरुवातीला ८ होतं, चार तासांनी पारदर्शक बाटलीत ११ आणि काळीत ६.५ निघालं. तर शिल्लक ३, खर्च १.५, म्हणून एकूण उत्पन्न ४.५. यात एक गृहीत दडलंय: उजेडातलं श्वसन अंधारातल्याइतकंच असतं. ते पुरतं खरं नाही. प्रखर उजेडात प्रकाशश्वसन होतं, ज्यात एरवी कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर (एन्झाइम) त्याऐवजी ऑक्सिजन पकडतं, त्यामुळे खर्च कमी धरला जातो आणि एकूण उत्पन्नही थोडं कमी निघतं. शिवाय बाटलीच्या काचेला जिवाणू चिकटून वाढतात, म्हणून बाटल्या दिवसभर टांगून ठेवू नयेत. अहवालात या मर्यादा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी सर्वांत जास्त गुण देतो.

एकूण आणि शिल्लक यांतला हा फरक कळला की मोठमोठे दावेही तपासता येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये अॅमेझॉनच्या जंगलात वणवे लागले तेव्हा 'जगाचा २० टक्के ऑक्सिजन तिथून येतो' हे वाक्य जगभर फिरलं. त्या जंगलाचं एकूण उत्पन्न प्रचंड आहे, पण तिथली झाडं, बुरशी आणि जिवाणू मिळून जवळपास तेवढाच ऑक्सिजन वापरून टाकतात. शिल्लक शून्याच्या आसपास. जंगल वाचवण्याची कारणं भक्कम आहेत: तिथली जैवविविधता, तिथून उठणारा पाऊस, लाकडात आणि मातीत साठलेला कार्बन. चुकीच्या आकड्याची त्याला गरज नाही.

या एका रीतीतून प्रकल्पांचे कितीतरी प्रश्न निघतात. सावलीतल्या काठाला आणि उघड्या मध्यभागी पहाटेचा तळ सारखाच असतो का? लाट पृष्ठभागी आणि दोन मीटर खाली कशी वेगळी दिसते? ढगाळ दिवसानंतरची पहाट किती वाईट? मला स्वतःला ओढ लागते ती तरंगत्या वनस्पतींच्या प्रश्नाची. जलपर्णी किंवा टिकलीसारखं बदकवीड पाणी झाकून टाकतं तेव्हा तळं हिरवंगार दिसतं, पण त्यांची पानं ऑक्सिजन हवेत सोडतात आणि खालच्या पाण्यावर सावली धरतात. मग झाकलेल्या कोपऱ्यात दुपारी दोन वाजता आकडा काय येईल? आधी अंदाज लिहा, मग मोजा. अंदाज चुकला तर तो तसाच अहवालात ठेवा.

रसायनं मिळत नसतील तर साधा पीएच मीटर घ्या. शेवाळं दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे पीएच वाढतो आणि रात्री उतरतो. लाट तीच, फक्त दुसऱ्या मापाने पाहिलेली. तळंच जवळ नसेल तर झाडांच्या खोडांवरची दगडफुलं (लायकेन) रस्त्यापासून किती अंतरावर किती प्रकारची दिसतात ते मोजा. हवेच्या प्रदूषणाशी त्यांचा संबंध १८६६ मध्ये पॅरिसच्या एका बागेत लक्षात आला होता. किंवा वजन करून चहाच्या पुड्या (टी-बॅग) मातीत आठ सेंटिमीटर खोल पुरा आणि तीन महिन्यांनी वाळवून पुन्हा वजन करा. माती किती वेगाने कुजवते ते कळेल. काहीही मोजा, पण प्रत्येक ठिकाणी किमान तीन नमुने घ्या. एका बाटलीवरून काढलेला फरक तळ्यातला की हातातला, हे कुणालाच सांगता येत नाही.

त्या मुलीने पुढे तळं निवडलं. सकाळी सहापासून दर तीन तासांनी तीन-तीन बाटल्या, रसायनशास्त्राच्या बाई आणि तिचे वडील सोबतीला. दुपारी तीनच्या बाटल्यांत साका चॉकलेटसारखा गडद. रात्री नऊला बदामी. बाराला त्याहून फिका. सूर्योदय सहाच्या सुमाराचा, म्हणून शेवटची वेळ तिने मुद्दाम पहाटे पाचची ठेवली होती. टॉर्चच्या उजेडात तिने तिन्ही बाटल्या उलटसुलट केल्या, खाली ठेवल्या आणि साका बसायची वाट पाहिली. तिन्हींत तो जवळजवळ पांढराच होता. वहीत तिने आधी वेळ लिहिली, मग 'वारा नाही', मग पाण्याचं तापमान, आणि त्याखाली: 'मासे वर आलेत.'