पेपरातल्या बातमीवर बदनामीची फिर्याद घालायचीय? आधी हे वाचा

सगळ्यात आधी, पोलीस स्टेशनात जाऊन केस होत नाही. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, ते फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि लोक तो कागद जपून ठेवून केस झाली असं समजून घरी बसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीची बातमी असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९९-५००) फिर्याद थेट मॅजिस्ट्रेटकडे घालायची, पणजी, म्हापसा, मडगाव, जे लागू असेल तिथे. वकीलपत्र, ओळखपत्र, शपथेवर जबाब हे वकील बघून घेतो.

अडतं ते कात्रणावर. लोक बातमी तेवढी सुबक कापून आणतात, वर तारीख नाही, आवृत्ती नाही आणि संपादक-प्रकाशकाचं नाव असलेली ती बारीक ओळ तर कचऱ्यात गेलेली. अहो, पूर्ण अंक ठेवा! ऑनलाइन बातमी असेल तर नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यावर तुमच्यासोबत तज्ज्ञाचीही सही लागते, आणि हे कोणी आधी सांगतच नाही.

आता बातमी संरक्षित आहे का ते बघा. कोर्टात जे झालं त्याचा बऱ्यापैकी खरा वृत्तांत असेल तर तो गुन्हा नाही, तुमचं नाव आलं तरी. पर्वरीला गोवा विधानसभेत आमदार काय बोलला त्याच्या वृत्तांतालाही घटनेचं कलम ३६१अ संरक्षण देतं, फक्त द्वेषबुद्धी नको. पण ग्रामसभा, पत्रकार परिषद, पोलिसांनी खाजगीत सांगितलेलं, हे त्यात येत नाही. गावोगावच्या वार्ताहरांनो, तुम्हालाही सांगतोय, 'तो असं बोलला, आम्ही फक्त छापलं' हा बचाव ग्रामसभेच्या बातमीला आपोआप मिळत नाही, तिथे सद्भावना आणि सार्वजनिक हित तुम्हालाच दाखवावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

मुदतीत तर कितीजण फसतात. फौजदारीला तीन वर्षं, पण नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एकच वर्ष, आणि लोक तीन वर्षं दोन्हीला धरून बसतात.

ग्रामसभेचीच बातमी असेल तर पंचायतीकडून इतिवृत्ताची प्रत काढाच, पण त्यावर विसंबू नका, त्यात बऱ्याचदा 'चर्चा झाली' एवढंच असतं, तिथे हजर असलेले दोन-तीन साक्षीदार आत्ताच बघून ठेवा.