छत्तिसाव्या दिवसाचा खर्च

तिसऱ्या दिवशीची सकाळ होती. पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्राच्या डिटॉक्स वॉर्डात मी बसलो होतो. समोरच्या खाटेवर दौंडकडचा एक गवंडी, वय चाळिशीच्या आतलं. सिस्टरांनी त्याच्या हातात पाण्याचा स्टीलचा पेला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, तरी पेल्याची कड दातांवर वाजत राहिली आणि अर्धं पाणी बनियनवर सांडलं. आदल्या रात्री त्याला भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसत होती. त्याची बायको दाराशी उभी राहून पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "दारू बंद केल्यावर माणूस सुधारायला हवा ना? हे तर जास्तच आजारी पडले."

तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मेंदूत आहे.

मेंदूत दोन रसायनं सतत एकमेकांना तोलून धरत असतात. गाबा चेतापेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबून टाकते. म्हणून दोन पेग पोटात गेले की अंग सैल पडतं, जीभ सुटते. पण रोज, वर्षानुवर्षं हेच होत राहिलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. गाबाचा संदेश टिपणारे ग्राहक बोथट होतात, ग्लुटामेटचे वाढतात. दारू येणार हे धरूनच मेंदू आपला तोल सांभाळायला शिकतो. मग एके दिवशी दारू एकदम थांबली की शांत करणारं पारडं हलकं होतं आणि चेतवणारं मोकाट सुटतं. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत याची सुरुवात होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवसरात्रीचं भान सुटतं. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून 'आजपासून बंद' करायला लावणं धोक्याचं आहे. घरातल्या माणसांनी हे चांगल्या हेतूने केलेलं मी अनेकदा पाहिलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

यावरचा इलाज महाग नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी गोळी काही दिवस गाबाची बाजू सावरून धरते आणि मग डॉक्टर ती हळूहळू कमी करत नेतात. जोडीला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. दारूमुळे शरीरातला त्याचा साठा आटलेला असतो. अशा वेळी थायमिन न देताच ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधी थायमिन, मग साखर, हा नियम वॉर्डातल्या नव्या नर्सलाही पाठ असतो.

सहाव्या दिवशी गवंडी जेवणाच्या पंगतीत बसला. आपल्या हाताने भाकरी मोडली, आमटीत कुस्करली. बायकोच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. शरीरातली दारू उतरली होती. आजार मात्र तिथेच होता.

दारू, गर्द (ब्राउन शुगर), एमडी (मेफेड्रोन) यांपैकी काहीही घेतलं की मेंदूच्या बक्षिसाच्या यंत्रणेत डोपामिनची लाट येते. लाटा रोज आल्या की ती यंत्रणा बधिर होते. मग मुलीचं हसणं, गरम जेवण, पगाराचा दिवस, सगळंच फिकं वाटू लागतं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ नोरा वोल्कोव्ह यांनी पेट स्कॅन करून हे बघितलं. व्यसनी माणसांच्या मेंदूत डोपामिनचे डी-२ ग्राहक कमी झालेले दिसले. विचार करून 'नको' म्हणणारा कपाळामागचा भागही मंदावलेला दिसला. नशा थांबवल्यावर हे आपोआप लगेच भरून येत नाही. त्याला महिने लागतात. त्या महिन्यांत जुना गुत्ता, जुना मित्र, पगाराचा शनिवार, नुसता वास, यातलं काहीही ओढ जागी करतं आणि माणूस पुन्हा नशा करतो. केंद्रातले लोक याला 'स्लिप' म्हणतात. उपचारानंतर पुन्हा नशेकडे वळणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के आहे. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत पथ्य-औषध सुटून त्रास उलटण्याचं प्रमाणही याच्या आसपासच असतं. रक्तदाब वाढला म्हणून 'याच्यावर केलेला खर्च वाया गेला' असं आपण कुणाला म्हणत नाही.

सरकारच्या पैशाकडे आता या नजरेने बघू.

पुण्याचा या विषयातला अनुभव जुना आहे. गर्दने तरुण पोरं संपत होती त्या काळात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. बाहेर पडल्यानंतरच्या फॉलोअपवर आणि घरच्यांच्या बैठकांवरही तिथे भर असतो. सरकारी बाजूने अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्याच्या ६४-अ कलमात, थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारात सामाजिक न्याय मंत्रालय स्वयंसेवी संस्थांच्या पुनर्वसन केंद्रांना अनुदान देतं, आरोग्य खातं सरकारी रुग्णालयांतल्या उपचारांचं बघतं. १५ ऑगस्ट २०२० पासून नशामुक्त भारत अभियान २७२ जिल्ह्यांत सुरू झालं. १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

यातल्या मुख्य केंद्रीय योजनेची तरतूद अलीकडच्या अर्थसंकल्पांत तीनशे कोटींच्या थोडी वर आहे. आता गरज किती ते पाहा. एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. नुसत्या दारूसाठी मदतीची गरज असलेले लोक देशात ५ कोटी ७० लाखांहून जास्त. भागाकार केला तर वर्षाला माणशी साठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. राज्यं आणि आरोग्य खातं वेगळा खर्च करतात हे खरं, तरी अंतर फार मोठं आहे. त्याच पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं, आणि भरती होऊन उपचार मिळाले ते १८० जणांत एकाला.

रक्कम कमी आहे, पण मला त्याहून खुपतं ते ती मोजण्याचं एकक. पुनर्वसन केंद्राचं अनुदान खाटांच्या संख्येवर ठरतं: पंधरा खाटा, तीस खाटा. किती भरती, किती डिस्चार्ज, हे रजिस्टरात नीट मांडता येतं. नियमावलीत पाठपुरावाही लिहिलेला असतो. पण त्यासाठी लागतो समुपदेशकाचा वेळ, आणि समुपदेशकाचं मानधन इतकं तुटपुंजं असतं की शिकून तयार झालेला माणूस वर्ष-दोन वर्षांत दुसरी नोकरी धरतो. पेशंटने ज्याच्यापाशी मन मोकळं केलं, तोच पुढच्या खेपेला खुर्चीत नसतो. मेंदूला सावरायला वर्ष लागणार आणि पैसा महिन्याभराच्या खाटेपाशी थांबणार, तर त्या खाटेवर घातलेलाही पुरता कामी येत नाही.

खाटेशिवायही खूप काही होतं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला, तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना जोडीला साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांसोबत एक ते चार बैठका मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले २६ टक्के आणि दुसऱ्यातले ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते. शंभरातले दहा जास्त, तेही आरोग्य केंद्राच्या एका खोलीत आणि दोन खुर्च्यांवर. पुणे जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत अशी खोली निघणार नाही, असं मला वाटत नाही.

एमडीच्या बाबतीत तर ही खोलीच मुख्य औषध आहे. गर्दवाल्याला ओढ शमवणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देता येते. मेफेड्रोनसाठी अशी मान्य गोळी नाही. अशा उत्तेजक पदार्थांवर सर्वांत चांगला परिणाम दिसला आहे तो नियमित भेटी, लघवीची तपासणी आणि ती स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, या पद्धतीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्याच कुरकुंभच्या कारखान्यातून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. छापे हवेतच. पण तो माल ज्यांच्यासाठी बनत होता त्यांचे मेंदू त्या दिवशीही तेच मागत होते.

पैसा कुठून आणायचा? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. त्यातला एक टक्का म्हणजे १४० कोटी. एवढा एक टक्का कायद्याने फक्त पाठपुराव्यासाठी बांधून ठेवावा, तालुक्याला निदान दोन समुपदेशक नेमावेत, त्यांना टिकण्याइतका पगार द्यावा आणि पेशंटचा प्रवासखर्चही त्यातच धरावा. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं राज्यघटनेचं ४७ वं कलमच सांगतं. मागणी मोठी नाही.

प्रवासखर्चाचं मी उगाच म्हणत नाही. गवंडी डिस्चार्जनंतर दोन गुरुवार फॉलोअपला आला. तिसऱ्या गुरुवारी स्लॅबचं काम निघालं. पुण्याला यायचं तर दिवसाची मजुरी बुडणार होती, वर येण्याजाण्याचा खर्च. तो आला नाही. चौथ्या गुरुवारी बायको एकटीच शटलने आली. कडेवर मुलगी, पिशवीत त्याचं फॉलोअप कार्ड. रविवारपासून परत सुरू झालंय, एवढं सांगून ती खाली बघत राहिली. आता तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून ते येत नाहीत, म्हणाली.

समुपदेशक ताईंनी कार्डावर पुढची तारीख घातली. "ताई, उद्याच घेऊन या त्यांना," त्या म्हणाल्या. "प्यायलेले असले तरी आणा. इथे कुणी रागावणार नाही, असं सांगा."