आयोवातल्या लहान गावांची निधनवार्ता : पार्श्वभूमी

आयोवाच्या एखाद्या हजार वस्तीच्या गावात नव्वदी ओलांडलेली बाई वारली की तिच्याविषयी दोन कागद तयार होतात. एक सरकारी मृत्यू दाखला आणि दुसरा स्थानिक साप्ताहिकातली ऑबिच्युअरी, म्हणजे निधनवार्ता. पुष्कळदा हे दोन कागद तिला दोन वेगवेगळ्या गावांत ठेवतात. अमेरिकेतल्या दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण आणि राहण्याचं ठिकाण असे वेगळे रकाने असतात, पण माणूस दीर्घकाळ नर्सिंग होममध्ये असेल तर राहण्याच्या रकान्यात त्या नर्सिंग होमचाच पत्ता लिहायचा, असा भरणाऱ्यांसाठीचा नियम आहे. लहान गावात नर्सिंग होम नसतं किंवा बंद पडलेलं असतं, म्हणून शेवटची तीन-चार वर्षं काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मुख्य गावात जातात. जनगणनाही तिला तिथेच मोजते. जिथे तिनं सत्तर वर्षं काढली त्या गावाशी तिचं नाव जोडणारा कागद मग एकच उरतो, तो म्हणजे निधनवार्ता. ती फुकट छापायची की पैसे घेऊन, हा वाद म्हणूनच केवळ वृत्तपत्रांच्या हिशेबाचा राहत नाही.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं वस्ती करून कसणाऱ्याला 160 एकर सरकारी जमीन मिळू लागली आणि गावांबरोबर साप्ताहिकं उगवली. 1879 पासून जमिनीवरचा हक्क पक्का करण्याआधी जवळच्या वृत्तपत्रात नोटीस छापणं बंधनकारक झालं. तिचे पैसे जमीनधारकाला भरावे लागत आणि त्यावर कित्येक छापखाने तगले. काउंटीच्या आत साप्ताहिक टपालानं फुकट पोचवण्याची सवलत 1851 पासूनच होती. त्यातच 1860 च्या दशकात विस्कॉन्सिनमधून अर्धछापील कागदाची पद्धत निघाली. चार पानांपैकी दोन पानं शहरातून छापून यायची आणि उरलेली दोन संपादकानं गावात भरायची. ती भरायला त्याच्याकडे काय होतं? पीक, लग्न, पाहुणे, मृत्यू. निधनवार्ता ही त्याची गरज होती, उपकार नव्हे.

तेव्हाच्या निधनवार्ता लांब असत. जन्म कुठला, बोटीतून कधी उतरला, कोणत्या वर्षी बैलगाडीनं नदी ओलांडली, आजार किती दिवस चालला, शेवटच्या रात्री कोण उशाशी होतं, हे सगळं येई. जर्मन वस्तीच्या गावांत जर्मन भाषेत येई. पहिल्या महायुद्धात ती परंपरा तुटली. मे 1918 मध्ये आयोवाच्या गव्हर्नरनं शाळा, चर्च, सार्वजनिक ठिकाणं आणि टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरायला मनाई केली. एका पिढीच्या नोंदी त्यापुढे अनोळखी भाषेत लिहिल्या गेल्या आणि नावांची स्पेलिंगं बदलली. वंशावळ शोधणारे आज अडतात ते बहुधा इथेच.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साचा पक्का झाला. फ्युनरल होमकडे, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे, एक माहितीपत्रक असे. पूर्ण नाव, लोक ज्या नावानं हाक मारत ते अवतरणात, जन्मतारीख आणि टाउनशिप (काउंटीचा लहान भाग), आईवडिलांची नावं आणि आईचं माहेरचं आडनाव, बाप्तिस्मा व कन्फर्मेशनचं (मोठेपणी श्रद्धा पक्की करण्याच्या विधीचं) चर्च, शाळा आणि वर्ष, सैन्यातली सेवा, लग्नाची तारीख व जागा, शेत गावाच्या कोणत्या दिशेला किती मैलांवर, चर्चचं महिला मंडळ, हयात नातेवाईक, आधी गेलेले नातेवाईक, दफनभूमी, खांदेकरी. ते पत्रक साप्ताहिकाकडे जाई आणि तिथली व्यक्ती त्यातून सहा-सात परिच्छेद लिही. शेवटची यादी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल, कारण 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे तिचंच भावंड आहे. फरक असा की तिकडे सुनेचं किंवा जावयाचं नाव कंसात येतं आणि प्रत्येकाचं गावही लिहितात. त्या गावांवरून गाव सोडून कोण कुठे गेलं याचा नकाशाच हाती लागतो.

साप्ताहिकाच्या वारामुळे एक गोष्ट हमखास घडे. अंक बुधवारी किंवा गुरुवारी निघे आणि मजकूर सोमवारी दुपारी बंद होई. माणूस मंगळवारी गेला, तर शनिवारचं दफन उरकून चार-पाच दिवस झाल्यावर त्याची वार्ता येई. म्हणून जुन्या साप्ताहिकांत 'प्रार्थना झाली' असं भूतकाळात वाचायला मिळतं, तर काउंटीच्या दैनिकात 'शनिवारी साडेदहाला होईल' असं. शोध घेताना दोन्ही पाहावीत. मृत्यूच्या तारखेनंतरचे निदान दोन अंक चाळावेत आणि त्यानंतर येणारी आभाराची छोटी चौकटही, कारण यादीतून राहून गेलेलं एखादं नाव तिथे सापडतं. 1970 च्या दशकापर्यंत विवाहित बाईचं स्वतःचं नाव मथळ्यात नसे. मिसेस आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव, एवढंच. तिच्या नावानं शोधणाऱ्याला ती मिळत नाही.

आता निधनवार्तेत येणाऱ्या 'लाँगटाइम रेझिडेंट' या शब्दाकडे. वरवर पाहता 'जुने रहिवासी' एवढाच अर्थ, पण शेजारी 'लाइफलाँग रेझिडेंट' ठेवला की गुंता दिसतो. लाइफलाँग म्हणजे जन्मापासून इथलाच. आठ मैलांवरच्या गावातून 1948 मध्ये लग्न होऊन आलेली बाई साठ वर्षांनी गेली तरी सहसा लाँगटाइमच. शेतावर जन्मलेल्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. शेत एका टाउनशिपमध्ये, टपालाचा पत्ता दुसऱ्या गावाचा, शाळा तिसऱ्या गावात. त्यात शाळांचं एकत्रीकरण झालं आणि पदवीच्या वर्षापुढे आज अस्तित्वात नसलेल्या शाळेचं नाव आलं. चर्चचंही तसंच. लुथरन या प्रोटेस्टंट पंथातल्या तीन शाखा 1988 मध्ये एक झाल्या, त्याआधीही विलीनीकरणं झाली होती, आणि एकाच इमारतीचं नाव तीन पिढ्यांच्या वार्तांत तीन प्रकारे येतं. तिसरा शब्द 'फॉर्मर्ली ऑफ', पूर्वीचे अमुक गावचे. नर्सिंग होममध्ये गेलेल्या बाईला हा शब्द लावला की घरच्यांच्या तो मनाला लागतो, आणि ते रास्त आहे. ती गाव सोडून गेली नव्हती, गावात तिच्यासाठी खाट नव्हती.

वार्ता फुकट होती तोवर या तिन्हींपैकी कोणता शब्द लावायचा हे संपादक ठरवी आणि आपल्या गावचं कोण हेही तोच ठरवी. लिखित नियम क्वचितच असे, पण तीन कसोट्या सर्वत्र चालत. इथे राहिला का, इथल्या शाळेत शिकला का, इथे पुरला जाणार का. एक जुळली की जागा मिळे. शेतमजूर आणि मालक यांना साचा एकच होता. मजुराची वार्ता दोन परिच्छेद लहान असेल, पण असे.

1980 आणि 90 च्या दशकांत आधी शहरी दैनिकांनी आणि साखळीच्या मालकीत गेलेल्या पत्रांनी दर लावला. नंतर छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि 2000 नंतर लहान साप्ताहिकांनाही तोच रस्ता धरावा लागला. मालकांची बाजू खरी आहे. किराणा दुकान बंद झालं की त्याची पानभर जाहिरात जाते, कागद आणि टपाल महागतं, आणि ज्या मजकुरासाठी लोक अंक उघडतात त्यातून उत्पन्न नसेल तर अंकच बंद पडतो. 2005 नंतर अमेरिकेतली एकतृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रं बंद झाली आहेत. दुसराही लाभ सांगितला जातो. पैसे घेतलेला मजकूर ही जाहिरात असल्यामुळे घरच्यांचे शब्द जसेच्या तसे येतात. संपादक 'वारल्या' एवढंच लिहू द्यायचा, आता 'प्रभूच्या घरी गेल्या' लिहिता येतं, कुत्र्याचं नावही हयात परिवारात येतं. पूर्वी गाळला जाणारा सोबती किंवा सावत्र मुलं यांना स्थान मिळतं. हा मोठाच फायदा आहे.

पण हिशेब करून पाहावा. 8 पॉइंटचा टाइप 9 पॉइंटच्या अंतरानं बसवला (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) की उभ्या इंचात 8 ओळी बसतात. अरुंद स्तंभात ओळीला साधारण 5 शब्द धरले तर इंचाला 40 शब्द. 400 शब्दांची वार्ता म्हणजे 10 इंच, आणि फोटोचे 2 इंच. इंचाला 12 डॉलर दर मानला तर 144 डॉलर झाले, तेही एका पत्रात एकदा. गावचं साप्ताहिक, काउंटीचं दैनिक आणि मुलगा राहतो तिथलं दैनिक अशी तीन ठिकाणं धरली की आकडा वाढत जातो. कात्री लागते तेव्हा घरचे नातेवाइकांची नावं काढत नाहीत, कारण त्यावरून रुसवे होतात. प्रार्थनेची वेळ काढता येत नाही. मग जातं ते मधलं आयुष्य. तिनं 31 वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, दुधाचा गोठा चालवला, दुष्काळाच्या वर्षी शेत विकलं, हे परिच्छेद. वारस नसलेल्यांचं तर काहीच येत नाही. आलीच तर तीन ओळींची मोफत सूचना येते, नाव, वय, गाव, व्यवस्था कोणाकडे. तिला डेथ नोटिस म्हणतात आणि तिला ऑबिच्युअरी समजणं ही नेहमीची चूक आहे.

यात फ्युनरल होमची भूमिका बदलली. 1984 मध्ये लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार वृत्तपत्राचे पैसे ग्राहकाच्या वतीनं भरले तर ते 'कॅश अॅडव्हान्स' म्हणून बिलात वेगळे दाखवावे लागतात, फुलं आणि पाद्र्यांच्या मानधनासारखेच. शवपेटी निवडून झाल्यावर ती ओळ समोर येते आणि तिथेच मजकूर आखडतो. शांत मनानं हा निर्णय तिथे घेता येत नाही. मजकूर घरीच आधी लिहून ठेवावा, शब्द मोजावेत आणि दर पत्राकडून थेट विचारावा. पुष्कळ साप्ताहिकं ठरावीक रक्कम घेतात, इंचावर नाही. काही अजूनही फुकट छापतात. मात्र घरच्यांनी थेट पाठवलेला मजकूर बहुतेक पत्रं फ्युनरल होमकडून खात्री झाल्याशिवाय घेत नाहीत, कारण खोट्या निधनवार्ता छापल्या गेल्या आहेत. अमेरिकेत दाहसंस्काराचं प्रमाण 2015 मध्ये दफनापुढे गेलं. विधी न करता थेट दहन केलं की माहितीपत्रक पुष्कळदा अर्धवट राहतं आणि वार्ता निघतच नाही.

1990 च्या दशकाअखेरीस फ्युनरल होमनी स्वतःच्या संकेतस्थळावर पूर्ण मजकूर विनामूल्य ठेवायला सुरुवात केली. त्याच सुमारास, 1998 मध्ये, इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टनहून निधनवार्ता एकत्र करणारी सेवा निघाली. प्रश्न सुटला असं वाटलं, पण सुटला नाही. फ्युनरल होम विकलं गेलं किंवा संकेतस्थळ सांभाळणारा बदलला की जुनी पानं जातात. छापील अंक पिवळा पडतो, चुरतो, तरी ग्रंथालयाच्या बांधीव खंडात किंवा मायक्रोफिल्मवर राहतो. शिवाय यंत्रानं उचललेल्या, चुकीच्या तपशिलांच्या वार्ता जाहिरातीच्या पैशांसाठी भलत्या ठिकाणी उमटू लागल्या. म्हणून किमान एक छापील प्रत, भले 6 इंचांची, स्थानिक साप्ताहिकात यावी आणि पूर्ण मजकूर काउंटीच्या ग्रंथालयात कागदावर द्यावा. पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव आणि घरचा पत्ता तिन्ही एकत्र छापू नयेत. पहिल्या दोहोंवरून ओळख चोरली जाते, आणि तिसऱ्यामुळे दफनाच्या वेळी घर रिकामं आहे हे चोराला कळतं. वंशावळवाल्यांना माहेरचं आडनाव हवंच असतं, म्हणून ते ठेवून तारखेऐवजी वर्ष द्यावं.

माहेरच्या आडनावाचा रकाना मराठी घरांपुढे वेगळीच अडचण उभी करतो. 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या भारतीय डॉक्टरांपैकी कित्येकांनी मिडवेस्टच्या, म्हणजे आयोवाभोवतालच्या राज्यांतल्या, लहान गावांतल्या रुग्णालयांत उभी कारकीर्द केली, त्यांत मराठी कुटुंबंही होती, आणि ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. पत्रकात बाईचं फक्त जन्माचं आडनाव मागतात. लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर त्याला जागाच नसते. भारतातल्या शाळेचा दाखला एका नावाचा, आयोवातली निधनवार्ता दुसऱ्या नावाची, आणि दोन्ही जोडणारी ओळ कुठेच नाही. टोपणनावासाठी अवतरणातली जी जागा असते तिथे जन्मनाव लिहिलं, किंवा पहिल्याच वाक्यात 'जन्मनाव अमुक' असं घातलं, तर ती ओळ तयार होते. चार शब्द लागतात, इंचाचा दहावा हिस्सा.