पेमेंटचं चलन (क्रिप्टो धंदा)

क्रिप्टो कंपनी पगार, कमिशन, व्याज नेमकं कशात देते, रुपयात, डॉलरात, यूएसडीटीसारख्या स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरशी भाव बांधलेलं डिजिटल नाणं), बिटकॉइनमध्ये की स्वतःच काढलेल्या डिजिटल नाण्यात म्हणजे टोकनमध्ये, ते म्हणजे पेमेंटचं चलन. वरवर ही अकाउंट्सवाल्यांची बाब वाटते, पण घेणाऱ्याचं लक्ष कामावर राहणार की भावावर, ते इथेच ठरतं.

रक्कम ठरते कशात आणि हातात पडते कशात, या दोन वेगळ्या गोष्टी. "महिन्याला २००० डॉलर, त्या दिवसाच्या भावाने टोकनमध्ये" असं ॲग्रीमेंट असेल तर भाव पडला की कंपनीला जास्त टोकन द्यावे लागतात, घेणारे ते लगेच विकतात आणि भाव अजून खाली जातो. "महिन्याला ५०० टोकन" ठरलं तर पडझडीचा सगळा भार काम करणाऱ्यावर, आणि भाव चढला की हाच माणूस काम बाजूला ठेवून दिवसभर चार्ट बघत बसतो (त्याला दोष तरी कसा देणार). म्हणून बऱ्याच टीम घरखर्चापुरता पगार स्टेबलकॉइनमध्ये देतात आणि टोकन वेगळे, बहुतेक चार वर्षांच्या वेस्टिंगवर (म्हणजे टोकन टप्प्याटप्प्याने ताब्यात येतात), पहिल्या वर्षी हातात काहीच नाही.

स्वतःच्या टोकनचा मोह मोठा असतो कारण कंपनीला ते जवळपास फुकट पडतात. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोची चिप बोटीवर चालते, पणजीच्या मार्केटात तिच्यावर बांगडे मिळत नाहीत, टोकनचंही तेच, फक्त चिपची किंमत कॅसिनोने बांधून दिलेली असते आणि टोकनची कोणीच नाही. लोकांचे क्रिप्टो ठेवून घेऊन व्याज देणारी सेल्सियस कंपनी तिच्या सीईएल टोकनमध्ये व्याज घेणाऱ्याला जास्त दर द्यायची, जुलै २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचं त्याहून वाईट, तिने काढलेलं एफटीटी हे टोकन तिच्याच भावकीतल्या अलामेडा कंपनीच्या ताळेबंदात मोठी मालमत्ता म्हणून बसलेलं, ते उघड झालं, बायनान्स या दुसऱ्या एक्स्चेंजने आपल्याकडचे एफटीटी विकणार म्हणून सांगितलं आणि ११ नोव्हेंबर २०२२ ला एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज टाकला.

मायनिंगवाल्यांचं (खनिजाचं नव्हे, कॉम्प्युटर चालवून नवे बिटकॉइन मिळवणाऱ्यांचं) वेगळंच, कमाई बिटकॉइनमध्ये आणि विजेचं बिल डॉलरात. २०२१ च्या तेजीत अनेकांनी कॉइन न विकता कर्ज काढून खर्च भागवला, पुढच्या वर्षी भाव कोसळल्यावर ते अंगाशी आलं, कोअर सायंटिफिकसारखी मोठी कंपनीसुद्धा डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत.

गोव्यात हणजूण, आसगावला भाड्याने राहून बाहेरच्या क्रिप्टो कंपनीचं काम करणाऱ्याला हे सगळं आहेच, वर भारतातला टॅक्स. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि तोटा कशातूनच वजा होत नाही. कामाचा मोबदला म्हणून टोकन मिळाले की त्या दिवशीच्या किमतीवर उत्पन्न धरतात, पुढे भाव अर्धा झाला तरी तो टॅक्स भरायचाच. मग म्हापशाचा सीए सांगणार, आले त्याच दिवशी विका आणि रुपये बँकेत टाका. म्हणजे माणूस कंपनीशी बांधून राहावा म्हणून जे टोकन दिले, ते इथे संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.