रॅम्पपासून तपासणीच्या टेबलापर्यंत

आईला अर्धांगवायू झाल्यानंतर नाशिकमधल्या एका दवाखान्यात तिला पहिल्यांदा व्हीलचेअरवरून नेलं. दारात रॅम्प होता. चढ बेताचा, कठडा पक्का. बरं वाटलं. आत डॉक्टर म्हणाले, "यांना टेबलावर घ्या." मी आणि तिथल्या वॉर्डबॉयने काखेत हात घालून तिला उचललं. सगळ्यांसमोर तिची साडी सुटली. घरी आल्यावर दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. पुढच्या खेपेला मी टेप घेऊन गेलो. व्हीलचेअरची बैठक १९ इंच, टेबल ३२ इंच. मधल्या या १३ इंचांपर्यंत अपंगांच्या हक्कांचा आपला कायदा अजून का आला नाही, ते समजून घ्यायला मागे जावं लागतं.

नाशिकला हा विषय नवा नाही. रजनीताई लिमये यांनी बौद्धिक अक्षम मुलांसाठी इथे प्रबोधिनीची शाळा सुरू केली ती १९७७ साली. तेव्हा देशात अपंगांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदाच नव्हता. माणसांनी आपल्या हिमतीवर सोयी उभ्या केल्या, कायदा मागून आला.

तो आला १९९५ साली आणि लागू झाला फेब्रुवारी १९९६ मध्ये. जावेद अबिदींसारखे स्वतः व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते त्यासाठी दिल्लीत रस्त्यावर उतरले होते. त्याच्या कलम ४६ मध्ये रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत रॅम्प, स्वच्छतागृहांत बदल, लिफ्टमध्ये ब्रेल खुणा आणि आवाजी सूचना हे सगळं लिहिलेलं होतं. पण त्याआधी एक शब्दप्रयोग होता: सरकारच्या 'आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत'. पुढची वीस वर्षं 'निधी नाही' हे उत्तर त्या एका ओळीवर तगून राहिलं. दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. दवाखाना म्हणजे इमारत, असंच त्या कायद्याने धरलं होतं. दार, जिना, लिफ्ट. आत रुग्णाला तपासतात कशावर, त्याच्याशी बोलतात कसं, हा विचार त्यात नव्हता.

तो विचार संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारातून आला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली, पण देशाचा कायदा त्याला जुळवून घ्यायला २०१६ साल उजाडलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. कलम २५ ने सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांचा प्रत्येक भाग अडथळामुक्त हवा असं सांगितलं, तपासणीत आणि उपचारात प्राधान्यही दिलं. 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत ब्रेल, मोठा टाइप, खुणांची भाषा आली. केस पेपरच्या खिडकीतून नंबर नुसता ओरडून पुकारला, तर कर्णबधिर माणसाचा नंबर निघून जातो. त्याच्यासाठी ही व्याख्या म्हणजे रांगेतली जागा आहे. वापरायच्या वस्तूही सर्वांना हाताळता येतील अशा बनाव्यात, हे कलम ४३ मध्ये आलं.

मग अडलं कुठे? नियमांत. जून २०१७ च्या नियम १५ ने मापदंड म्हणून अडथळामुक्त इमारतींच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं, आणि ती तत्त्वं शिफारशीच्या भाषेत लिहिलेली. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये उलटून गेली. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी हा नियमच कायद्याशी विसंगत ठरवला. शिफारस वेगळी, सक्ती वेगळी. किमान बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची ओळ हीच.

टेबलाचं माप ठरवणं अवघड असतं असंही नाही, फक्त कोणीतरी ते ठरवावं लागतं. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा १९९० चा एडीए कायदा होता, तरी तिथेही तपासणीचं टेबल बराच काळ सुटलेलं होतं. २०१० च्या आरोग्य कायद्याने उपकरणांचे मापदंड करायला लावले, ते जानेवारी २०१७ मध्ये आले. टेबल खाली करून १७ ते १९ इंचांवर आणता यावं, असं त्यांत आहे, म्हणजे बरोबर व्हीलचेअरच्या बैठकीएवढं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या न्याय विभागाने हे मापदंड राज्य आणि स्थानिक सरकारांच्या आरोग्यसेवांना बंधनकारक केले. व्हीलचेअरवर बसल्या बसल्या वजन करता येईल असा काटाही त्यांत आहे. आईचं वजन आम्ही दोन वर्षं अंदाजानेच सांगतो आहोत, औषधाचा डोस त्यावर ठरत असूनही.

आपल्याकडे डॉक्टरांच्या शिक्षणात थोडं पाऊल पडलं. २०१९ मध्ये एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये अपंगत्वाविषयीची कौशल्यं आली. राज्यातल्या बहुतेक एमबीबीएस विद्यार्थ्यांना पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशिकलाच आहे, म्हणून नाशिककरांना हे जास्त जवळचं वाटावं.

आईला हल्ली डॉक्टर घरी येऊन तपासतात. रक्तही घरीच काढून नेतात. पोटाची सोनोग्राफी तेवढी मार्चपासून राहिली आहे. त्याला टेबल लागतंच, आणि ती म्हणते, "परत उचलून नको."