आतून लागणारी कडी : असिस्टेड लिव्हिंगची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईत ज्येष्ठांच्या घरांच्या जाहिरातींत ‘असिस्टेड लिव्हिंग’ (स्वतंत्र घर आणि लागेल तेवढी मदत) हे शब्द आता सर्रास दिसतात. चोवीस तास नर्स, जेवणाची सोय, फिरायला बाग, संध्याकाळी भजन. ही कल्पना अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आकाराला आली तेव्हा सोयींची यादी दुय्यम होती. तिथे मूळ भांडण नर्सिंग होमशी, म्हणजे परावलंबी वृद्धांना कायमचं ठेवून घेणाऱ्या शुश्रूषागृहांशी होतं.

१९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने अमेरिकेतल्या वृद्धांना सरकारी पैसा मिळू लागला, पण सार्वजनिक गरीबगृहांत राहणाऱ्यांना तो मिळणार नव्हता. त्यामुळे खासगी निवासांची संख्या वाढली. पुढे रुग्णालयांत वृद्धांनी खाटा अडू लागल्या, म्हणून १९५४ मध्ये केंद्र सरकारने वेगळ्या नर्सिंग होमसाठी निधी दिला. १९६५ मध्ये मेडिकेअर (वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्यविमा योजना आल्यावर तर त्यांचं पेवच फुटलं. खाटा रिकाम्या करायच्या निकडीतून वाढलेल्या या जागांना दिनक्रमही रुग्णालयाचाच मिळाला. उठायचं कधी, गोळी कधी, अंघोळ कधी, सगळं कर्मचाऱ्यांच्या पाळीनुसार. खोलीत सोबतीला बहुधा एक अनोळखी माणूस.

केरन ब्राउन विल्सन यांची आई पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघाताने अंथरुणाला खिळली आणि पुढची वर्षं अशाच जागांमध्ये राहिली. तिला आपलं छोटं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बंद करता येईल असं दार हवं होतं. विल्सन यांनी वृद्धत्वशास्त्राचा अभ्यास केला आणि १९८३ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात ११२ घरांची ‘पार्क प्लेस’ ही वसाहत उघडली. प्रत्येक घराला कुलूप, आणि किल्ली राहणाऱ्याकडे. सामान आपलं, खोली किती गरम ठेवायची ते आपण ठरवायचं, मांजर पाळायचं तर पाळा. मदत मात्र नर्सिंग होमसारखीच हाताशी : जेवण, औषधं, अंगधुणं, आवारातच नर्स, आणि रात्री-अपरात्रीसुद्धा बोलावता येईल असं बटण. अधिकारी धास्तावले. दाराला कुलूप, घरात शेगडी, कपाटात कात्री, उद्या काही झालं तर? शंका रास्त होती, म्हणून राज्य सरकारने रहिवाशांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं. १९८८ मध्ये निष्कर्ष आले : समाधान वाढलं, प्रकृती टिकली, नैराश्य घटलं आणि सरकारी मदतीवर असलेल्यांचा खर्च नर्सिंग होमपेक्षा २० टक्क्यांनी कमी झाला.

कोणाला किती मदत लागते हे ठरवायची मोजपट्टी त्याआधीच तयार होती. क्लीव्हलंडच्या सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये सहा गोष्टी मांडल्या : अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. १९६९ मध्ये पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी बाजारहाट, स्वयंपाक, फोन, औषधं, पैशांचे व्यवहार अशा आठ कामांची भर घातली. शांत दिसणारी ही यादी प्रवेशाच्या वेळी फार निष्ठुर वाटते. वडील अंघोळ एकट्याने करतात का, याचं उत्तर मुलगा एक देतो आणि वडील दुसरंच.

नव्वदच्या दशकात या क्षेत्रात कंपन्या उतरल्या, शेअर बाजारातला पैसा आला. नाव तेच राहिलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे दीड हजार केंद्रांच्या पाहणीत खासगीपणा आणि पुरेशी सेवा दोन्ही देणारी केंद्रं जेमतेम ११ टक्के निघाली. बाकीच्या ठिकाणी प्रकृती ढासळली की मुक्काम पुन्हा नर्सिंग होमला.

विल्सन यांची ही हकीगत जगभर पोहोचवणारे शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचं मूळ विदर्भातल्या उटी गावात. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे शंभरी ओलांडूनही रोज रात्री घोड्यावरून शेतं पाहायला जात. हे जमलं ते घरात सतत हात देणारी माणसं होती म्हणून, आणि त्यांचा शब्द चालत होता म्हणून. घरातल्या सुना-नातवंडांचं ते न मोजलेलं काम आज पगारावर करून घ्यायचं आहे, हा हिशेब आपल्याकडे अजून नीट मांडला गेलेला नाही.

आपला कायदा दोन टोकांना आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधारांसाठी दर जिल्ह्यात निदान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. दुसरीकडे गृहप्रकल्पांचं नियमन करणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष आणले : रुंद दारं, उतार, न्हाणीघरात आधाराचे दांडे, न घसरणाऱ्या फरशा. ही मापं विक्रीकरारात येतात. रात्री दोन वाजता बटण दाबल्यावर कोण येणार, हे मात्र त्या मापांत बसत नाही.