थंडीची धास्ती आणि तापमानवाढीचे गणित

हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान सुमारे 5 ते 6 अंश सेल्सिअसने वाढेल, असे गणित स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते आऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये मांडले. आजच्या अंदाजांपेक्षा हा आकडा जास्त असला, तरी केवळ कागद-पेन्सिलीच्या बळावर केलेल्या या कामाचे कौतुक वाटते. खरे आश्चर्य मात्र पुढेच आहे, कारण आऱ्हेनियस यांना ही वाढ चक्क स्वागतार्ह वाटत होती.

असे का वाटावे, याचे उत्तर युरोपच्या वैचारिक इतिहासात आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी लोखंडाचे गोळे तापवून ते निवायला किती वेळ लागतो हे मोजले, त्यावरून पृथ्वीचे वय सुमारे 75 हजार वर्षे ठरवले आणि ती हळूहळू गोठत जाईल असे 1778 मध्ये लिहिले. जंगले तोडून आणि दलदली कोरड्या करून माणूस आपल्या प्रदेशाला ऊब देऊ शकतो, हा त्यांचा दिलासा होता. पुढे 1837 मध्ये स्विस निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासी यांनी हिमयुगाची कल्पना मांडल्यावर या धास्तीला भूगर्भातील पुराव्यांचा आधार मिळाला. आऱ्हेनियस यांनी आपले गणित मांडले तेही प्रामुख्याने हिमयुग का आले असावे, हे कोडे सोडवण्यासाठीच. इंग्रज अभियंते गाय कॅलेंडर यांनी तापमान वाढत असल्याचे 1938 मध्ये नोंदींनिशी दाखवले, पण त्यामुळे हिमनद्यांचे पुनरागमन लांबेल याचे त्यांना समाधानच होते.

पुढे थंडीची धास्ती मागे पडून तापमानवाढीची भीती आली; भीतीची ही दिशा केवळ नव्या मोजमापांमुळे उलटली, असे मला वाटत नाही. दोन महायुद्धे आणि अणुबॉम्ब पाहिलेल्या युरोपात, माणूस निसर्गात करील तो बदल सुधारणाच असेल हा विश्वास आधीच ढासळला होता. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी 1979 मध्ये असे प्रतिपादन केले की, तंत्रज्ञानाचे परिणाम दूरवर पोचणारे असतील तेव्हा आशादायक भाकितापेक्षा अनिष्ट भाकिताला अधिक वजन द्यावे. त्याच दशकात पश्चिम जर्मनीच्या पर्यावरण धोरणात सावधगिरीचे तत्त्व रुजत होते. संयुक्त राष्ट्रांच्या 1992 च्या हवामान करारातील तिसऱ्या कलमात ते आढळते: गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल, तर पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही या सबबीवर उपाय लांबणीवर टाकू नयेत. अर्थात उपाय कमीत कमी खर्चाचे असावेत, ही हिशेबी अटही त्याच कलमात आहे.